वेनेर्न ते बाल्टिक, मुरमाच्या वाटेने: स्वीडनमधल्या ग्रॅव्हल सायकलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लिंशोपिंगला राहतो. एप्रिल उजाडला की पुण्या-नाशिककडच्या सायकलवाल्या मित्रांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक दर वर्षी तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ही सगळ्या स्वीडनची माहिती नाही. देशाच्या दक्षिण भागात वेनेर्न आणि वेटर्न ही दोन मोठी सरोवरं आहेत. त्यांच्या मधला आणि तिथून पूर्वेला बाल्टिकपर्यंतचा पट्टा माझ्या पायाखालचा आहे, म्हणून भर त्याच्यावर. बाकीच्या भागांबद्दल जाता जाता.

ग्रॅव्हल रस्ता म्हणजे आपल्याकडचा कच्चा रस्ताच ना?

नाही. आपल्याकडे कच्चा रस्ता म्हणजे डांबर पडायचं राहून गेलेला रस्ता. इथे ‘ग्रूसवेग’, म्हणजे मुरमाचा रस्ता, हा पूर्ण बांधून झालेला रस्ता असतो. मध्ये थोडा उंचवटा, दोन्ही अंगांना चर, खाली जाड खडी, वर बारीक दाणा. वसंतात ग्रेडर फिरवून तो सपाट करतात आणि धूळ उडू नये म्हणून वर क्षार टाकतात. क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि पृष्ठभाग दाबून बसतो. असा बसलेला रस्ता मिळाला तर सायकल डांबरावर पळावी तशी पळते, फक्त आवाज वेगळा येतो, कुणी तरी सतत पापड मोडत असल्यासारखा.

त्रास होतो तो नवा मुरूम टाकल्यावर पहिले काही आठवडे. दाणा सुटा असतो आणि वळणावर पुढचं चाक सरकतं. दुसरा त्रास आडव्या वळकट्यांचा. त्यांना स्वीडिश लोक ‘धुणं घासायची फळी’ म्हणतात. उतारावर वेगात अशा फळीवर गेलात की दात वाजतात आणि बाटली पिंजऱ्यातून उडते. अशा वेळी रस्त्याच्या अगदी कडेने जावं, तिथे वळकट्या कमी असतात.

हे रस्ते कोणाचे? परक्या माणसाने त्यावरून गेलेलं चालतं का?

चालतं, आणि कसं चालतं ते समजून घेण्यासारखं आहे.

स्वीडनमध्ये खासगी रस्ते सुमारे ४ लाख ३० हजार किलोमीटर आहेत, सरकारी रस्त्यांच्या चौपटीहून जास्त. त्यातले जवळपास निम्मे जंगलातून लाकूड काढण्यासाठी केलेले. बाकीच्यांतले पुष्कळ गावकऱ्यांच्या रस्ता-संघाचे असतात. ज्याची जमीन आणि वापर जास्त, त्याचा वाटा जास्त. ग्रेडर कधी बोलवायचा, बर्फ कोण काढणार, मोऱ्या कोण साफ करणार हे ते लोक बैठकीत ठरवतात. काही रस्त्यांना सरकारी अनुदान मिळतं, काहींना नाही.

सायकलवाल्याला या सगळ्यावरून फुकट जाता येतं ते ‘आलेमान्सरेटेन’मुळे. शब्दशः अर्थ ‘सर्व माणसांचा हक्क’. दुसऱ्याच्या जमिनीवरून चालण्याचा, सायकल नेण्याचा, एखाद-दुसरी रात्र तंबू टाकण्याचा, रानातली फळं आणि अळंबी खुडण्याचा हा परंपरेने आलेला हक्क. १९९४ पासून त्याचा उल्लेख स्वीडनच्या राज्यघटनेतही आहे. त्याची मर्यादा दोन शब्दांत सांगतात: त्रास देऊ नका, नासधूस करू नका.

प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा. रस्त्यावर ‘खासगी रस्ता’ अशी पाटी असली किंवा मोटारींना बंदी असली, तरी सायकल जाते. आडवा लोखंडी अडसर असला तर बाजूने सायकल काढून पुढे जायचं, तो मोटारींसाठी असतो. गुरांसाठी फाटक असेल तर उघडून, जाऊन, पुन्हा लावायचं. रस्ता एखाद्या घराच्या अंगणातच संपत असेल तर मागे वळायचं, कारण घराभोवतीची जागा त्या हक्कात येत नाही. उभ्या पिकातून आणि नव्याने लावलेल्या रोपांतून जायचं नाही. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव जंगलं यांचे नियम वेगळे, ते तिथल्या पाटीवर वाचायचे.

माझ्या अनुभवात लोक यातली एकच गोष्ट विसरतात: समोरून ट्रॅक्टर आला की आपण थांबून बाजूला व्हायचं. तो कामावर आहे, आपण सुट्टीवर.

पहिल्यांदा येतोय. सुरुवात कुठून करू?

योटा कालव्यावरून. डोळे मिटून.

वेनेर्नच्या काठावरच्या शोटोर्प गावापासून पूर्वेला बाल्टिकच्या खाडीवरच्या मेमपर्यंत हा कालवा १९० किलोमीटर जातो. त्यातला सुमारे ८७ किलोमीटर भाग खणून काढलेला, बाकी वाटेतल्या नैसर्गिक सरोवरांतून. एकूण ५८ जलद्वारं, म्हणजे बोटींना पाण्याच्या पायरीने वर-खाली नेणारे दारांचे कप्पे: २१ वेटर्नच्या पश्चिमेला, ३७ पूर्वेला. कालव्याच्या काठाने जी वाट आहे ती बैल आणि घोडे बोटी ओढत नेत त्यांच्यासाठी केलेली. ओढणाऱ्या जनावराला चढ नको, म्हणून वाट सपाट. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेत. जिथे पाणी पायरीने वर चढतं तिथेच रस्ताही चार-दोन मीटर चढतो. उतरून चालावं लागेल असं एकही ठिकाण नाही.

शोटोर्पला थेट ट्रेन जात नाही, पण तोरेबूदाला जाते. स्टॉकहोम-गोथेनबर्ग रेल्वेमार्ग कालवा ओलांडतो त्याच ठिकाणी हे गाव उभं राहिलं. गावात कालवा ओलांडायला ‘लीना’ नावाची फेरी आहे, स्वीडनमधली सर्वांत छोटी म्हणून ओळखली जाणारी. हाताने चाक फिरवलं की ती पलीकडे जाते. प्रवास दोनेक मिनिटांचाही नाही, पण आजवर माझ्याबरोबर आलेला एकही पाहुणा तिच्यात बसल्याशिवाय पुढे गेलेला नाही.

एवढा कालवा खणला कशासाठी?

डेन्मार्कला चुकवायला. बाल्टिक समुद्रातून बाहेर पडायचं तर जहाजांना ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून जावं लागे आणि तिथे डेन्मार्क जकात घेई. देशाच्या पोटातून आपलाच जलमार्ग काढायचा हा विचार जुना होता. तो तडीला नेला नौदलाचा अधिकारी बाल्टझार फॉन प्लाटेन याने. आराखड्याला स्कॉटलंडचा अभियंता थॉमस टेलफर्ड याची मदत घेतली. १८१० मध्ये काम सुरू झालं, १८३२ मध्ये मेमला उद्घाटन झालं. बावीस वर्षांत सुमारे ५८ हजार सैनिक या कामावर येऊन गेले. बहुतेक खोदकाम हाताने, लोखंडी पातं लावलेल्या लाकडी फावड्यांनी.

प्लाटेन १८२९ मध्येच गेला, पूर्ण कालवा त्याने पाहिला नाही. मोतालाला कालव्याच्या काठीच त्याची कबर आहे, सायकल टेकवून दोन मिनिटं थांबावं अशी. पुढे १८५७ मध्ये ओरेसुंडची जकात रद्द झाली आणि त्याच सुमारास रेल्वे आली. म्हणजे ज्यासाठी कालवा केला, ते कारणच तीसेक वर्षांत उरलं नाही. आज त्यावर हौशी बोटी आणि काठाने आपण.

वाटेत नक्की थांबावं अशी जलद्वारं कोणती?

पश्चिमेकडे तोटोर्प. इथलं जलद्वार अजून हाताने चालतं. पहारेकरी, बहुतेक वेळा उन्हाळी नोकरीवरची कॉलेजातली मुलगी किंवा मुलगा, उभ्या खुंटाला लांब दांडा लावून गोल गोल चालत फिरवतो, तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा. लाकडी दारं करकरत मिटतात, बोट हळूहळू वर येते, आणि काठावर बसलेले आपण आइस्क्रीम खात बघत राहतो. एका बोटीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाई असेल तर इथे थांबूच नका, पण घाई असेल तर या कालव्यावर आलात कशाला?

तोटोर्पनंतर वीकेन सरोवर लागतं. समुद्रसपाटीपासून ९१.८ मीटर, कालव्याचा सर्वांत उंच भाग. इथे ओढवाट संपते आणि छोट्या रस्त्यांनी सरोवराला वळसा घालून फोर्सविकला जावं लागतं. फोर्सविकचं जलद्वार १८१३ चं, कालव्यावरचं सर्वांत जुनं. शेजारी जुना लोखंडाचा कारखाना आहे, त्याच्या इमारती आता पाहता येतात.

पूर्वेकडे बेर्गला सात जलद्वारांचा जिना आहे. बोटी रोक्सेन सरोवरातून १८.८ मीटर वर चढतात. जुलैत इथे जत्रा असते. मला तो जिना सप्टेंबरात, बोटी थांबल्यावर जास्त आवडतो.

कार्ल्सबोर्गचा किल्ला वाटेवर आहे का? आपल्या किल्ल्यांसारखा आहे का?

वाटेवरच आहे. पण मनात राजगड-रायगड घेऊन गेलात तर निराशा होईल. डोंगर नाही, वेटर्नमध्ये शिरलेल्या जमिनीच्या सपाट जिभेवर पसरलेला आहे. १८०९ मध्ये रशियाने फिनलंड घेतल्यावर स्वीडनने ठरवलं की सीमेवर लढत बसण्यापेक्षा देशाच्या मधोमध भक्कम जागा करायची आणि युद्ध आलंच तर राजा, सरकार आणि सोनं तिथे हलवायचं. १८१९ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १९०९ मध्ये संपलं. नव्वद वर्षांत तोफा इतक्या पुढे गेल्या की भिंती पुऱ्या होईपर्यंत त्यांचा उपयोग संपलेला होता. मुख्य संरक्षक इमारत जवळपास ७०० मीटर लांब आहे. तिच्या कडेने सायकलवरून जाताना खिडक्या संपतच नाहीत. सोनं मात्र खरोखर इथे आलं, दुसऱ्या महायुद्धात.

वेटर्न सरोवर ओलांडायचं कसं?

इथे माझा आग्रह वेगळा आहे. कार्ल्सबोर्ग ते मोताला हे पाण्यावरून समोरासमोर दिसणारं अंतर रस्त्याने उत्तरेकडून, आस्केर्सुंड मार्गे, सुमारे ९० किलोमीटर भरतं. मोठ्या रस्त्यावर ट्रकही जातात. तो सोडा आणि तीवेदेनच्या जंगलातून जा. अंतर वाढेल, अर्धा दिवस जास्त लागेल, पण या सगळ्या सहलीतला मला सर्वांत प्रिय तुकडा तोच.

तीवेदेन म्हणजे स्वेआ आणि योटा या दोन जुन्या जमातींच्या मुलखांमधलं रान. पूर्वी इथे फरारी लोक लपत. हिमयुगाने आणून टाकलेले घराएवढे धोंडे, त्यावर शेवाळ, मध्ये काळ्या पाण्याची तळी. १९८३ पासून याच्या एका भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे. उद्यानातल्या पायवाटांवर सायकल चालत नाही. ती प्रवेशद्वारापाशी लावायची आणि पायी जायचं. पण भोवतालचे जंगलरस्ते आपलेच. वर-खाली, वर-खाली, सिंहगडासारखा सलग चढ कुठे नाही, मात्र पन्नास छोटे चढ मिळून पायांचा हिशेब तेवढाच होतो. ऊंदेन सरोवराच्या काठी पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजता येतात.

मोतालानंतर सरळ कालव्यानेच जाऊ का?

जाऊ नका. आधी एक दिवस दक्षिणेला वळा.

मोतालाहून वाडस्तेना गाठा. गुस्ताव वासा राजाने १५४५ मध्ये सुरू केलेला पाण्यातला किल्ला आणि संत बिर्गिटाच्या मठाचं चर्च, दोन्ही सरोवराकाठी. पुढे वेटर्नला लागून ओम्बेर्ग उभा आहे, समुद्रसपाटीपासून २६३ मीटर. सरोवरच ८८ मीटरवर, म्हणजे खरा चढ १७५ मीटरचा. आपल्या सह्याद्रीच्या हिशेबाने टेकाडच, पण सपाट मुलखात तेवढाही पुरतो. माथ्यावर एका अंगाला वेटर्न, दुसऱ्या अंगाला ताकेर्न हे पाणपक्ष्यांचं उथळ सरोवर. पायथ्याशी आल्वास्त्रा मठाचे अवशेष: ११४३ मध्ये सिस्टर्शियन साधूंनी वसवला, आणि धर्मसुधारणेनंतर त्याचे दगड काढून वाडस्तेनाच्या किल्ल्याला लावले. चर्चच्या कमानी उरल्यात, आत गवत.

तिथून शेतांमधल्या मुरमाच्या रस्त्यांनी थोडं गेलं की रोक. एका साध्या चर्चपाशी, एका छपराखाली, अडीच मीटर उंचीचा दगड उभा आहे. त्याच्या सगळ्या बाजूंवर, अगदी माथ्यावरसुद्धा, सुमारे ७६० रूनाक्षरं, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली अक्षरं, कोरलेली आहेत. दगडावरच्या रून लेखांत सर्वांत लांब लेख हाच. नवव्या शतकात वारिन नावाच्या माणसाने मेलेल्या मुलाच्या, वेमोदच्या, आठवणीसाठी तो कोरला एवढं पहिल्या ओळींवरून कळतं. पुढचा मजकूर कोड्यांत आहे आणि पंडितांची भांडणं चालूच आहेत. २०२० मध्ये काही संशोधकांनी असा अर्थ मांडला की त्यात सूर्य मावळण्याची, थंडी पुन्हा कोसळण्याची भीती आहे. सहाव्या शतकात ज्वालामुखींच्या राखेने उन्हाळेच हरवले होते, त्याची पिढ्यान्पिढ्या टिकलेली आठवण. हे वाचून मी तिथे पुन्हा गेलो तेव्हा जुलैचं ऊन होतं, शेजारच्या शेतात गहू पिकत होता, आणि बापाने मुलासाठी लिहिलेला मजकूर सुमारे बाराशे वर्षांनी मी बोटाने हवेत गिरवत होतो. तिकीट नाही, पहारेकरी नाही. हात मात्र लावायचा नाही.

मग मोतालाला परत येऊन कालवा धरा: बोरेन्सबेर्ग, यून्स्ब्रो, बेर्ग, आणि शेवटी सोदरशोपिंग नि मेम. यून्स्ब्रोला चॉकलेटचा कारखाना आहे. वारा योग्य असेल तर कळतं.

एकूण किती दिवस ठेवू?

रोजचे ५० ते ६० किलोमीटर धरून तोरेबूदा ते मेम, तीवेदेन आणि ओम्बेर्गसकट, सात दिवस. कालव्याचा फक्त पश्चिम भाग करायचा तर दोन दिवस. पुण्यात दिवसाला दीडशे किलोमीटर मारणाऱ्यांना हे फार कमी वाटतं. ते पहिल्या दिवशी शंभर करतात आणि दुसऱ्या दिवसापासून माझं ऐकतात. पाय थकत नाहीत, थांबण्याची ठिकाणं फार आहेत. रस्ता मारायचाच असेल तर जूनमध्ये मोतालाहून वेटर्नला वेढा घालणारी ३१५ किलोमीटरची ‘वेटर्नरुंदान’ आहे. १९६६ पासून चालू आहे, पण ती डांबरावर.

या पट्ट्याशिवाय आणखी कुठे?

पश्चिमेला शिन्नेकुले: वेनेर्नच्या काठचा ३०६ मीटर उंच पठारी डोंगर. हा भाग २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानांत आहे, स्वीडनचं पहिलं. पायथ्याशी हुसाबीचं चर्च, जिथल्या झऱ्यावर राजा ओलोफ शोटकोनुंगचा बाप्तिस्मा झाला असं मानतात. नॉर्वेच्या सीमेकडे दालस्लांड, सरोवरं आणि जंगल यांचं प्रमाण मला तिथे सर्वांत बरोबर वाटतं. होवेरुदला १८६८ चा लोखंडी जलसेतू धबधब्यावरून बोटी नेतो. स्टॉकहोमला उतरणाऱ्यांसाठी मेलारेन सरोवराच्या दक्षिणेचा सोर्मलांड: ग्रिप्सहोल्मचा किल्ला, वाड्यांकडे जाणारे झाडांचे बोगदे, रस्त्याच्या कडेला रून दगड. उत्तरेकडे बेरिस्लागेन, जुन्या खाणींचा आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा मुलूख. स्वीडनमधली घरं ज्या लाल रंगाने ओळखू येतात तो रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतून येतो. खाण १९९२ मध्ये बंद झाली, रंग अजून विकला जातो.

कोणता महिना चांगला?

मेचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. माझी निवड ऑगस्टचा दुसरा पंधरवडा: डास कमी, बिलबेरी आणि लिंगोन ही फळं रानभर, शाळा सुरू झाल्यामुळे काठ मोकळे.

मार्च-एप्रिल टाळा. जमीन वरून वितळते आणि खालून गोठलेलीच राहते, पाण्याला जायला जागा नसते, आणि रस्त्याचा शिरा होतो. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये एका जंगलरस्त्यावर पुढचं चाक असं रुतलं की मी हँडलवरून पलीकडे. सायकल उचलायला गेलो तर बूट आत राहिला. तीन किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन आलो, आणि मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर माझी खोल चर पडली होती. त्याची भरपाई कुणाच्या तरी वर्गणीतून झाली असणार.

जूनमध्ये मिडसमरचा सण असतो, १९ ते २५ तारखांमधला शुक्रवार. त्या दिवशी दुकानं लवकर मिटतात किंवा उघडतच नाहीत, खाणं आदल्या दिवशी घ्या. त्या सुमारास स्टॉकहोमच्या अक्षांशावर दिवस साडेअठरा तासांचा, त्यामुळे अंधार पडण्याची भीती नाही. झोप लागण्याची अडचण. डोळ्यांवर बांधायला पट्टी आणा.

ऑक्टोबरात मूसची, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाची, शिकार सुरू होते. जंगलात जायचं तर भडक नारिंगी घाला.

सायकल कशी हवी?

४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर बसतील अशी कुठलीही. फक्त कालवा करायचा तर साधी हायब्रिडही पुरते. तीवेदेनला ट्यूबलेस बरं, कारण फोडलेल्या दगडाची धार टायरच्या बाजूला लागते. हवा थोडी कमी ठेवा. मडगार्ड लावा, पावसात क्षाराचा चिखल चेनवर बसतो आणि ती दोन दिवसांत गंजते. संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन तेल द्या. बाकी तुमच्या चिंचवडमध्येही कारखाना असलेली बेअरिंगची कंपनी मूळची गोथेनबर्गचीच, १९०७ ची. एवढं ऐकलं की पुण्याच्या पाहुण्याला उगाच घरच्यासारखं वाटतं.

राहायचं कुठे? तंबू कुठेही टाकता येतो?

घरापासून दूर, शेतात नाही, एखादी रात्र: चालतं. सरोवराकाठी लाकडाचे तिन्ही बाजूंनी बंद निवारे असतात, ‘विन्डशुड’. कालव्यावर जुन्या पहारेकऱ्यांच्या आणि कालवा-कंपनीच्या इमारतींत वसतिगृहं आणि छोटी हॉटेलं झालीत, जुलैत ती आधी राखून ठेवा.

शेकोटीचं मात्र नीट समजून घ्या. उन्हाळ्यात कोरड पडली की आग पेटवण्यावर बंदी येते, ती रोज तपासायची. बंदी नसली तरी उघड्या कातळावर शेकोटी करायची नाही. तापून कातळ तडकतो आणि ती खूण कायमची राहते.

पाणी आणि जेवणाचं काय? मी शाकाहारी आहे.

पाण्याची युक्ती इथल्या सायकलवाल्यांची: कबरस्तानात जायचं. प्रत्येक चर्चच्या आवारात कबरींवरच्या फुलांसाठी नळ असतो, आणि चर्च दर काही किलोमीटरवर. पाणी पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी लावलेली असते. आपल्या लोकांना आधी कसंसंच होतं. माझ्या आत्याने तर बाटली हातातून काढून घेतली होती. नंतर तिने तिथल्याच बाकावर बसून दशम्या सोडल्या.

गावात किराणा दुकान असतं, पण गावं विरळ आहेत. दिवसाचं खाणं बरोबर ठेवा. छोट्या गावातला शाकाहाऱ्याचा तारणहार पिझ्झावाला, बरोबर कोबीची आंबट कोशिंबीर फुकट. दुपारी दालचिनीचा पाव आणि कॉफी, त्याला ‘फीका’ म्हणतात आणि ते चुकवणं इथे असभ्यपणाच.

रोख पैसे घेऊन फिरू नका, फारसे कुठे चालत नाहीत. कार्ड सगळीकडे. अडचण एकाच ठिकाणी येते: रस्त्याच्या कडेला शेतकऱ्याने ठेवलेली बटाट्यांची, अंड्यांची पेटी. तिथे माणूस नसतो आणि पैसे ‘स्विश’ या फोनवरच्या सोयीने द्यायचे असतात, तिला स्वीडिश बँकेतलं खातं लागतं. अशा पेटीसाठी थोडी नाणी खिशात असू द्या, काही पेट्यांना डबाही असतो.

अस्वल, लांडगे?

या पट्ट्यात त्यांची काळजी करू नका. मूस दिसला तर थांबा, बघा, वाट द्या. पिल्लू बरोबर असेल तर जास्तच लांब राहा.

खरा शत्रू गोचीड. ती उंच गवतात बसलेली असते, म्हणून दर संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासायचं आणि दिसली तर चिमट्याने लगेच काढायची. लाइम रोग होऊ शकतो, त्यावर प्रतिजैविकं आहेत. दुसरा, टीबीई नावाचा मेंदूज्वर, त्यावर औषध नाही पण लस आहे. मेलारेन, वेनेर्न आणि वेटर्नच्या आसपास त्याचा धोका असतो. पहिल्या दोन डोसांत एक ते तीन महिन्यांचं अंतर लागतं, म्हणून तिकीट काढतानाच डॉक्टरांशी बोला.

सायकल ट्रेनमध्ये नेता येते का?

प्रादेशिक गाड्यांत बहुधा, जागा असेल तर. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे नियम गाडीगणिक वेगळे, तिकीट काढण्याआधी बघा. सोदरशोपिंगला रेल्वे नाही. शेवट करून नोरशोपिंगपर्यंत सायकलनेच जायचं.

वाहतुकीचे नियम?

उजवीकडून चालायचं. स्वीडनमध्येही पूर्वी आपल्यासारखं डावीकडूनच होतं. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे सगळ्या देशाने बाजू बदलली. आपला मेंदू मात्र रिकाम्या जंगलरस्त्यावर हमखास डावीकडे जातो, आणि समोरून लाकडाचा ट्रक येतो तो ६४ टनांचा, काही रस्त्यांवर ७४ टनांचाही. घंटी हवी, अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा. हेल्मेट १५ वर्षांखालच्यांना सक्तीचं. तुम्ही घालणारच आहात.

भारतातून येताना व्हिसा?

शेंगेनचा, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा. तंबूत राहणार असाल तरी पहिल्या आणि शेवटच्या काही रात्रींचं बुकिंग आणि रोजचा आराखडा अर्जाला जोडा. ‘जंगलात कुठे तरी’ हा पत्ता अर्जात शोभत नाही.

मध्येच सायकल मोडली आणि आसपास कुणीच नसेल तर?

आणीबाणीत ११२. एरवी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, तीवेदेनमध्ये रेंज जाते. आणि कुणीच नसेल असं सहसा होत नाही, कुणी तरी त्या रस्त्याचा मालक असतोच. ऊंदेनजवळ माझा टायर बाजूने फाटला होता. मी फाटल्या जागी आतून नोट घडी करून लावत बसलो होतो, तेवढ्यात ट्रॅक्टरवरून एक आजोबा आले. उतरले, टायर पाहिला, काही न बोलता सायकल मागच्या ट्रॉलीत टाकली आणि मला शेजारी बसवलं. कुठून आलात, कोण तुम्ही, काही नाही. दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारला: तुम्ही ज्या वाटेने आलात, तिथे तळ्याच्या वळणावर मोरीत पाणी तुंबलंय का? मी म्हटलं, हो, रस्त्यावरून वाहतंय. त्यांनी मान हलवली, ट्रॅक्टर वळवला, आणि आम्ही आधी मोरीकडे गेलो.